शिवण

ऑफिसने शाल-श्रीफळ ठरवलं होतं.
मी म्हटलं, चाकू देऊ.
आस्थापनेच्या घुबडे बाईंनी पेन खाली ठेवलं:
निरोपाला कोणी सुरी देतं का?
नातं तुटतं.

शालिक उईके. रोपवाटिका. छत्तीस वर्षं
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणारा माणूस.
सालीला एक उभी चीर, एक आडवी,
मग हाडाच्या टोकाने साल अशी उचलायची
जशी झोपलेल्या पोराच्या तोंडावरची चादर,
आणि डोळा आत.
त्याचा चाकू झिजून काडीएवढा झालेला.
नव्याची मागणी माझ्या नोंदवहीत चारदा आली.
भांडारपाल मी.
चारदा लिहिलं: शिल्लक नाही.

पातं कामठीच्या लोहाराने केलं, जुन्या करवतीच्या तुकड्यातून.
पेटी मी करणार होतो,
ज्याने आयुष्यात पाटसुद्धा केला नव्हता.

लकडगंजात आरामशीनवाल्याने आधी सागवान दाखवलं,
मग माझे हात पाहिले,
आणि कोपऱ्यातून एक फिकट फळी ओढली.
"शिवण न्या. तडकत नाही.
झाकण तेवढं सैल ठेवजा, पावसात फुगते."
मानेवाड्याला पोचेपर्यंत
माझ्या लक्षात फक्त नाव उरलं.
कापणाऱ्या वस्तूला शिवण!
घुबडे बाईंना ऐकवायला हवं.

नवतपा लागला होता.
रात्री दहानंतर गच्चीवर बसायचो,
फरशी तेव्हाही पायाला चटके द्यायची.
रंध्यातून वळ्या निघत, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या,
बायको म्हणाली, कूलरच्या जाळीत भरा,
काहीतरी उपयोग होऊ दे.
तीन कोपरे जमले.
चौथ्यात तिघांची पापं उतरली.
गुण्या लावला की तो खरं बोलायचा,
म्हणून शेवटी लावलाच नाही.
फटीत भुसा आणि फेविकॉल.

खोबणीसाठी चाकू फळीवर आडवा ठेवला
आणि भोवती पेन्सिल फिरवली,
पाटीवर आपलाच पंजा काढतात पोरं, तशी.
मग पटाशी.
चाकू एका संध्याकाळी झाला होता म्हणे.
त्याच्या नसण्याची जागा कोरायला मला चार रात्री लागल्या.
चपड्याचे तीन हात दिले.
झाकण असं घट्ट बसलं
की काढताना हवा ओढल्याचा आवाज यायचा.
मी सतरा वेळा काढलं, सतरा वेळा लावलं.

एकतीस मे. भाषणांच्या मध्येच लाइट गेली.
पेटी हातात दिली नाही, टेबलावर ठेवली,
एवढं मी बाईंचं ऐकलं.
त्याने ती उचलून आधी नाकाशी नेली.
"शिवन हाये," म्हणाला,
आणि न उघडताच काखेत धरली.

जुलै संपताना फोन:
"सायेब, पेटी उघडून नाई रायली."

कळमेश्वरच्या पुढे, बस सोडून दीड किलोमीटर चिखल.
पिशवीत पॉलिश कागद, रंधा, आणि लाज.
पेटी देवळीत होती, गणपतीशेजारी.
झाकण लाकूड होऊन बसलेलं,
पेटीला तोंडच नव्हतं जणू.
मी रंधा काढला.
त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.
"राहू द्या. नका तासू.
दिवाळीपाठी सुकते, आपोआप उघडते.
डोळे भराचे दिवस बी तवाच येतेत."

"मंग फोन काहून केला, शालिक?"

तो पेटीवरचं पाणी बाहीने पुसत राहिला,
चौथ्या कोपऱ्यापाशी जरा थांबला, पुढे गेला.
मग आत वळून म्हणाला,
"दोन कप ठेव वं.
सायेबाच्यात साखर कमी."